कंपनीला अंग नाही म्हणे!

गटारात माणूस मेला की काय होतं? ठेकेदाराचा मुकादम पळतो. फौजदार येतो. पंचनामा होतो. दोरी एक, बादली एक, चपलांचा जोड एक. मास्क नव्हता हे पंचनाम्यात येत नाही. नसलेल्या वस्तूचा पंचनामा करतंय कोण? संध्याकाळपर्यंत मुकादमाला धरतात. सफाईचं कंत्राट ज्या कंपनीनं घेतलं तिचं नाव कागदावर कुठंच नसतं.

आमच्या वस्तीत हे झालंय. मेलेल्याच्या बायकोनं ठाण्यात विचारलं, "कंपनीला का नाय धरत?" फौजदार हसला. "बाई, कंपनीला बेड्या कुठं घालू? तिला हात हायत का?"

त्या हसण्याला उत्तर द्यायचं म्हणून हे लिहितोय.

१८६० साली इंग्रजानं पिनल कोड केला. त्याच्या ११व्या कलमात लिहिलं की 'व्यक्ती' या शब्दात कंपनीसुद्धा आली. म्हणजे कंपनी १८६० सालीच माणूस झाली! आमचा आजा-पणजा तेव्हा पाणवठ्यावर माणूस नव्हता. आम्ही माणूस आहोत हे सांगायला बाबासाहेबांना १९२७ साली महाडच्या तळ्यावर जावं लागलं. कंपनीला कुठल्याच तळ्यावर जावं लागलं नाही. २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यातही ही व्याख्या तशीच आहे.

हा कागदी माणूस जमीन घेतो, कर्ज काढतो, दावे लावतो. तुरुंगाचं नाव निघालं की म्हणतो, मला अंगच नाही. २००३ साली सुप्रीम कोर्टानं ते ऐकलंसुद्धा: जिथं कैद सक्तीची तिथं कंपनीवर खटलाच नको. २००५ साली पाच न्यायमूर्तींच्या पीठानं बहुमतानं ते खोडलं. खटला चालवा, म्हणाले, पण शिक्षा फक्त दंडाची. कंपनीला दंड म्हणजे काय? खर्चाच्या वहीतली एक ओळ.

बरं, कंपनीला मन तरी असतं का? २०१० साली कोर्ट म्हणालं, तिचा कारभार हाकणाऱ्यांचं मन तेच तिचं मन. ठीक. मग तिचं पाप त्यांचं का नाही? २०१५ साली उत्तर आलं: कायद्यात तसं स्पष्ट लिहिलेलं नसेल, किंवा डायरेक्टरचा स्वतःचा हात आणि हेतू दिसत नसेल, तर नुसता डायरेक्टर आहे म्हणून त्याला आरोपी करता येणार नाही. साहेबाचं मन कंपनीला चिकटतं, कंपनीचं पाप साहेबाला चिकटत नाही. आमच्या सावलीचा विटाळ साऱ्या गावाला होत होता, यांचा विटाळ शेजारच्या खुर्चीलाही होत नाही!

या हिशोबाचा ताळेबंद भोपाळला बघा. २ डिसेंबर १९८४ची रात्र. युनियन कार्बाइडच्या टाकीतून विषारी वायू सुटला. सरकारी हिशोबानंही पाच हजारांवर माणसं मेली. अमेरिकन चेअरमन वॉरन अँडरसन ७ डिसेंबरला अटक झाला, त्याच दिवशी सुटला, सरकारी विमानानं गेला तो गेलाच. २०१४ साली अमेरिकेत म्हातारा होऊन मेला. १९८९ साली सत्तेचाळीस कोटी डॉलरची तडजोड झाली आणि तिच्यासोबत फौजदारी खटलेही पुसले. १९९१ साली ते पुन्हा उघडावे लागले. १९९६ साली सुप्रीम कोर्टानं सदोष मनुष्यवधाचं कलम काढलं आणि निष्काळजीपणाचं, ३०४-अ लावलं. एक माणूस उडवणाऱ्या ट्रक ड्रायव्हरला तेव्हा लावायचे तेच. २०१० साली निकाल: सात जणांना दोन वर्षं, त्याच दिवशी जामीन. कार्बाइडच्या भारतीय कंपनीला दंड पाच लाखांच्या आसपास. मढ्यामागं शंभर रुपयेसुद्धा नाहीत. करा भागाकार!

भोपाळनंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा आला. कायदा मोडला तर पाच वर्षांपर्यंत कैद, असं त्यात होतं. २०२३ साली 'जनविश्वास' नावाच्या कायद्यानं ती कैद काढून टाकली आणि दहा हजार ते पंधरा लाखांचा दंड ठेवला. कुणाचा विश्वास? कुठल्या जनाचा?

आता परत गटारावर या. हातानं मैला साफ करण्याविरुद्ध २०१३चा कायदा आहे. गटारात, टाकीत माणूस धोक्यात उतरवला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा केलं तर पाच वर्षं, पाच लाख. आणि २३वं कलम सांगतं की गुन्हा कंपनीचा असेल तर कंपनी दोषी आणि तिचा कारभार ज्याच्या हाती तोही दोषी. मला माहीत नव्हतं, मी सगळी काळजी घेतली होती, हे त्यानं सिद्ध करायचं. आपण नाही.

मग हे साहेब सुटतात कसे? ठाण्यातच सुटतात. २०१२ साली चेक न वटल्याच्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगून ठेवलंय की अशा कलमाखाली आधी कंपनी आरोपी पाहिजे. तिला वगळून नुसत्या डायरेक्टरवर खटला टिकत नाही. आता कळलं, फौजदार का हसतो? कंपनीचं नाव गाळलं की वरचे सगळे आपोआप गळतात. उरतो मुकादम. तोही बहुतेक वेळा आपलाच.

म्हणून दोस्तहो, मढं उचलायच्या आधी कागद बघा. कंत्राट कुणाच्या नावावर आहे ते काढा. एफआयआरमध्ये कंपनीचं पूर्ण नाव आरोपी म्हणून आणि २०१३च्या कायद्याचं २३वं कलम लिहून घेतल्याशिवाय सही करू नका, अंगठा देऊ नका. २०२३ साली सुप्रीम कोर्टानं अशा मृत्यूची भरपाई तीस लाख केली. ती घ्याच, ती हक्काची आहे. पण भरपाई म्हणजे शिक्षा नव्हे. तीस लाखांत खटला विकत देऊ नका.

कंपनीला अंग नाही? तिला सही करणारा हात आहे, नफा गिळणारं तोंड आहे. बेड्या तिथं घाला.

जयभीम.