मुलानची उपमा आता पुरे

चिनी युद्धकाळातील स्त्री-सैनिकांचा विषय निघाला, की अभ्यासकांच्या लेखणीतून मुलान हटकून उतरते. आपल्याकडे शस्त्र घेतलेली स्त्री दिसली, की ‘रणरागिणी’ म्हणून आपण मोकळे होतो. तशातलाच हा प्रकार. ही उपमा गौरवाची वाटते. वस्तुतः ती त्या स्त्रियांचे म्हणणेच पुसून टाकते.

मुलान वृद्ध पित्याच्या जागी, पुरुषवेषात युद्धावर जाते आणि युद्ध संपताच स्त्रीवेषात घरी रमते. तिच्या शौर्याने कुटुंबव्यवस्थेला कोठेही धक्का लागत नाही. आता श्ये बिंगयिंग यांच्याकडे पाहा. वुहानच्या लष्करी विद्यालयाने १९२६च्या अखेरीस स्त्रियांना प्रवेश दिला, तेव्हा त्या तेथे स्त्री म्हणूनच दाखल झाल्या. पित्यासाठी नव्हे, घरच्यांनी ठरवलेल्या विवाहातून सुटका हवी होती म्हणून. मोहिमेवरची त्यांची टिपणे १९२७मध्ये वृत्तपत्रात छापली गेली, लिन युतांग यांनी ती इंग्रजीत नेली. त्याच वर्षी कुओमिंतांग-कम्युनिस्ट युती फुटली आणि स्त्रियांची तुकडी विसर्जित झाली. घरी परतलेल्या श्ये यांना कोंडून ठेवण्यात आले; सुटकेसाठी त्यांना पुन्हा पुन्हा पळावे लागले. मुलानची कथा जेथे संपते, तेथे यांची लढाई सुरू होते.

उपमेने प्रेरणा मिळत असेल तर बिघडले कोठे, असे कोणी विचारील. बिघडते ते हे, की घरी सुखरूप परतणारी नायिकाच मग स्मरणात राहते. हायनानमधील १९३१ची स्त्री-तुकडी थोड्याच काळात मोडली. पण १९६४च्या नृत्यनाट्याने तिला अजिंक्य करून ठेवले. उलट, लाल सैन्याच्या पश्चिम फौजेतील स्त्री-पलटण १९३७च्या आरंभी गान्सूमध्ये नष्ट झाली. बंदिवान झालेल्या अनेकींवर शत्रुसैनिकांशी लग्ने लादली गेली. वाचलेल्यांकडे पुढे स्वकीयांनीही संशयाने पाहिले. त्यांच्यासाठी मुलानच्या कथेत एकही ओळ नाही.

साहित्याच्या वर्गात तरी हा आळस चालू नये. श्ये यांचे १९३६चे आत्मचरित्र शिकवायचे, तर ते वीरगाथा म्हणून नव्हे, विवाहसंस्थेविरुद्धची साक्ष म्हणून शिकवावे. सैन्याने या स्त्रियांना बंदूक दिली, पण ती काढून घेताना त्यांनी जायचे कोठे, याचे उत्तर दिले नाही. समीक्षकाने तो प्रश्न उपमेखाली झाकू नये, एवढीच मागणी आहे.