‘जेवलोय की!’ आणि इंग्रजीचा पूर्ण वर्तमानकाळ

‘इंग्रजी यायला हवी असेल तर मराठी विसरा’ असा उपदेश आपल्या सीमाभागातील विद्यार्थ्यांना शाळेपासून ऐकावा लागतो. दहावीपर्यंत मराठी किंवा कन्नड माध्यमातून शिकलेला बेळगाव-निपाणीकडचा विद्यार्थी कॉलेजात येतो आणि हा उपदेश मनात धरून वर्गात गप्प बसतो. तोंड उघडले तर चुकेल, आणि चुकले तर हसे होईल! पुढे नोकरीच्या मुलाखतीतही तो असाच गप्प बसतो. इंग्रजीचा अध्यापक असूनही मला हा उपदेश मान्य नाही. आपली भाषा विसरून नव्हे, तर ती नीट न्याहाळून इंग्रजी येते, असे माझे स्पष्ट मत आहे. उदाहरणादाखल, विद्यार्थी ज्याला सर्वांत अधिक भितात तो ‘प्रेझेंट परफेक्ट’, म्हणजे पूर्ण वर्तमानकाळच घेऊ.

‘हॅव किंवा हॅज, आणि पुढे क्रियापदाचे तिसरे रूप’ हे सूत्र सर्वांना पाठ असते. रूप फारसे चुकत नाही. ते वापरायचे केव्हा, हे मात्र कळत नाही. याचे उत्तर आपल्या घरातच आहे. पाहुण्याला आपण विचारतो, ‘जेवलास काय?’ तो म्हणतो, ‘जेवलोय की!’ जेवण मागेच झाले, पण बोलण्याचा रोख आत्ताच्या स्थितीवर आहे: पोट भरले आहे, ताट वाढू नका. तोच जर म्हणाला, ‘परवा मी मामाकडे जेवलो,’ तर ती नुसती मागची हकीकत झाली. घडलेल्या गोष्टीचा धागा आजशी बांधलेला आहे की तुटला आहे, एवढाच हा भेद. ‘आय हॅव ईटन’ आणि ‘आय एट’ यांतही तोच आहे.

आपल्या कन्नड भाषक मित्रांनाही हे नवे नाही. ‘नानु बंदे’ म्हणजे मी आलो, ‘नानु बंदिद्देने’ म्हणजे मी आलो आहे. येथे ‘बंदु’ला ‘इद्देने’ जोडले आहे, जसे आपण ‘आलो’ला ‘आहे’ जोडतो. मराठी आणि कन्नड ही दोन वेगळ्या कुळांतली माणसे, पण या बाबतीत शेजारधर्म पाळतात. इंग्रजी मात्र ‘असणे’ऐवजी ‘जवळ असणे’ या अर्थाचे ‘हॅव’ वापरते. आपल्याकडे या अर्थाचे स्वतंत्र क्रियापदच नाही. आपण ‘माझ्याजवळ पुस्तक आहे’ म्हणतो, कन्नडमध्ये ‘नन्न हत्तिर पुस्तक इदे’ म्हणतात. म्हणून ‘हॅव’ आपल्याला परके वाटते. गंमत अशी की जुन्या इंग्रजीत येणे-जाणे या क्रियापदांना ‘असणे’च जोडत असत, ‘ही इज गॉन’ हा त्याचाच अवशेष.

अर्थात दोन्ही वाटा शेवटपर्यंत बरोबर जात नाहीत. त्या कोठे फुटतात तेही सांगितले पाहिजे, कारण चुका नेमक्या तेथेच होतात.

पहिली वाट फुटते ती ‘काल’पाशी. ‘मी कालच आलो आहे’ हे शुद्ध मराठी. पण ‘आय हॅव कम यस्टरडे’ चालत नाही. संपलेल्या वेळेचा उल्लेख आला की इंग्रजी साधा भूतकाळच मागते. दुसरी ‘पासून’पाशी. ‘मी दहा वर्षांपासून निपाणीत राहतो’ यात आपण साधा वर्तमानकाळ वापरतो, इंग्रजी म्हणते ‘आय हॅव लिव्हड इन निपाणी फॉर टेन इयर्स’. शिवाय आपल्या एका ‘पासून’साठी तिकडे दोन शब्द: आरंभ सांगायचा तर ‘सिन्स’, मुदत सांगायची तर ‘फॉर’. तिसरी वाट फुटते बसस्टँडवर. गाडी वळणावर दिसताच आपण ओरडतो, ‘आली, आली!’ हाक आली की जागेवरूनच म्हणतो, ‘आलो, आलो!’ अजून न घडलेल्याला आपण खुशाल भूतकाळात घालतो. इंग्रजीत तेथे ‘इज कमिंग’च हवे.

हे सारे आपल्या गावाच्या गोष्टींवर ताडून पाहावे. १९८१ साली निपाणीच्या तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी आंदोलन केले. साल दिले, म्हणून ‘फॉट’. पण निपाणी ते विसरलेली नाही. ही आजची गोष्ट, म्हणून ‘हॅज नॉट फरगॉटन’. १ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले: ‘द नेम चेंज्ड इन २०१४’. कोणी अर्जावर जुने नाव लिहीत असेल तर त्याला सांगायचे, ‘द नेम हॅज चेंज्ड’. पहिले वाक्य इतिहासाच्या पेपरात शोभते, दुसरे कचेरीच्या खिडकीपाशी उपयोगी पडते.

कोणी म्हणेल, मातृभाषेच्या आधारानेच तर ‘कम यस्टरडे’सारख्या चुका होतात. माझे म्हणणे असे की त्या अर्धवट तुलनेने होतात. साम्य दाखवून भेद दाखवला नाही, तर विद्यार्थी फसणारच. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्या मराठी वाक्य समोर ठेवूनच शिकल्या. आणि सोवळेपणाही फार नको. जेथे इंग्रज ‘आय हॅव ऑलरेडी ईटन’ म्हणतो तेथे अमेरिकन माणूस पुष्कळदा ‘आय ऑलरेडी एट’ म्हणतो, आणि कोणी त्याला हसत नाही.

माझी सूचना साधी आहे. पहिल्या वर्षाच्या वर्गात मराठी, कन्नड आणि इंग्रजी या तिन्ही विषयांच्या अध्यापकांनी महिन्यातून एक तास एकत्र घ्यावा. फळ्यावर तीन रकाने आखावेत आणि वाक्ये विद्यार्थ्यांनी आपापल्या घरच्या बोलीतून द्यावीत. त्यासाठी वेगळे अनुदान लागत नाही. आपल्या मासिकात मराठी आणि कन्नड विभाग एका बांधणीत सुखाने नांदतात. त्या दोन्ही भाषांना इंग्रजीच्या तासालाही बसायला जागा मिळावी.