कोर्ट बंद पाडणारे शेतकरी



अमेरिका म्हटली की डोळ्यांसमोर श्रीमंत शेतकरी आणि त्याचा अवाढव्य ट्रॅक्टर येतो. त्या देशाची राज्यघटना लिहायला घेतली, तेव्हा तेथील कर्जबाजारी शेतकऱ्यांचे बंड नुकतेच मोडून काढले होते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

इंग्रजांविरुद्धचे युद्ध 1783 मध्ये संपले. शेतकऱ्यांची पोरे लढली, पण पगारापोटी मिळाले कागदी रोखे. घर चालवण्यासाठी ते त्यांनी व्यापाऱ्यांना कवडीमोलाने विकले. मग मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सरकारने युद्धाचे कर्ज फेडण्यासाठी जबर कर बसवला, तोही नाण्यांत भरायचा. नाणी होती बोस्टनच्या पेढ्यांवर. शेतकऱ्याकडे होते धान्य आणि गुरे. म्हणजे रोखा मातीमोल विकणाऱ्यानेच कर भरून घेणाऱ्याची तिजोरी भरायची!

शिवाय सावकारांचा तगादा. जमिनी, गुरे जप्त झाली. कर्जदार तुरुंगात गेले. गावोगाव सभा झाल्या, अर्ज गेले. मागणी साधी होती : कागदी चलन काढा, देण्यापोटी माल घ्या, कर कमी करा. सरकारने दाद दिली नाही. तेव्हा 29 ऑगस्ट 1786 रोजी शेतकऱ्यांनी नॉर्थॅम्प्टनचे कोर्ट बंद पाडले. कोर्टच बसले नाही तर जप्तीचा हुकूम कोण देणार?

डॅनियल शेज हा युद्धात कॅप्टन असलेला शेतकरी पुढाऱ्यांपैकी एक. बोस्टनच्या धनिकांनी वर्गणी काढून फौज उभी केली. 25 जानेवारी 1787 रोजी स्प्रिंगफिल्डच्या शस्त्रागारासमोर सरकारी तोफा धडाडल्या, चार शेतकरी पडले. दहा दिवसांत बंड मोडले.

पण त्याच वर्षीच्या निवडणुकीत मतदारांनी गव्हर्नर बोडिन यांना घरी बसवले. नव्या राजवटीत कर हलके झाले, बहुतेक बंडखोरांना माफी मिळाली. 1788 मध्ये शेजलाही मिळाली.

येथे शेतकरी जिंकला असे वाटते. पण मे 1787 पासून फिलाडेल्फियात घटना लिहिली जात होती. जमलेले 55 जण बहुतेक वकील, व्यापारी, बडे जमीनदार. त्यांनी कलम घातले : कोणत्याही राज्याने कागदी चलन काढू नये, सोन्याचांदीच्या नाण्यांखेरीज काही देण्यापोटी ग्राह्य धरू नये, कराराची बंधने सैल करणारा कायदा करू नये. शेतकऱ्यांच्या दोन मुख्य मागण्यांचे दार राज्यांपुरते कायमचे बंद झाले. ते कलम आजही उभे आहे.

आम्ही बंदुकीची वाट सांगत नाही. ती शेजलाही फळली नाही. त्याला जे मिळाले ते मतपेटीतून, आणि जे गेले ते कलमातून गेले. कर्जमुक्तीची घोषणा आपण देतोच. पण वसुलीचा कायदा आणि कापसाच्या आयात-निर्यातीचे धोरण कोणत्या टेबलावर लिहिले जाते, तेथे आपला माणूस आहे का, हा प्रश्न या बैठकीत प्रत्येक तालुक्याने विचारावा.