श्वानप्रेम आणि शेजारधर्म

पहाटे फिरावयास निघालेल्या मुंबईकराला पदपथावर नजर खाली ठेवूनच चालावे लागते. श्वानाचा मालक मात्र नेमका त्या क्षणी आकाश न्याहाळत असतो! बृहन्मुंबई महापालिकेने 2006 च्या उपविधींत अशा घाणीसाठी 500 रुपये दंड ठरविला. पण दंडाच्या भयाने शेजारधर्म उपजत नाही. 'वाळून जाईल' हा युक्तिवादही फसवा. विष्ठेतील गोलकृमींची अंडी मातीत महिनोन्‌महिने तग धरतात आणि त्याच मातीत मुले खेळतात. भरलेली पिशवी गटारात भिरकावणारे महाभाग तर निराळेच! ज्याला आपण घरचा सदस्य म्हणवतो, त्याची घाण उचलण्याची आपल्याला लाज वाटावी आणि तीच सफाई कामगाराने विनातक्रार उचलावी, ही अपेक्षा कोणत्या अधिकाराने?