‘डोस वाढवून बघू’च्या पुढे

चेहऱ्याच्या कळेसाठी वर्षानुवर्षे गोळ्या घेणाऱ्या माणसाला आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: ‘डोस थोडा वाढवून बघू.’ पहिल्यांदा ते बरोबर असतं, दुसऱ्यांदाही असू शकतं. पण डोस वाढूनही कळ थांबत नाही आणि गोळीमुळे माणूस दिवसभर पेंगतो, भिंतीला धरून चालतो, अशी वेळ आली की न्यूरोसर्जनकडे जायची चिठ्ठी मिळायला हवी. ती फार उशिरा मिळते, आणि या उशिराचा मला संताप येतो.

आजाराचं नाव ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. कपाळ, गाल आणि जबडा यांची संवेदना मेंदूकडे नेणारी एक नस आहे. तिच्यातून विजेचा झटका बसावा तशी कळ जाते. ती काही सेकंदांची असते, फार तर दोनेक मिनिटांची, पण दिवसातून कितीही वेळा येते. माझ्या मावशीला हा आजार होता. कळ कुठे येते ते दाखवताना ती बोट नाकपुडीच्या जवळ न्यायची, पण टेकवायची नाही. दाढ दुखणारा माणूस गालावर तळवा दाबून धरतो, हिला पदराचा स्पर्शही नको असायचा. जेवण म्हणजे कोमट ताकात कालवलेला गुरगुट्या भात, तोही चमच्याने, डावीकडून. पंखा बंद. तरीही निदान व्हायच्या आधी तिच्या उजवीकडच्या चांगल्या दाढा काढून झाल्या होत्या. असं सोसलेले रुग्ण न्यूरॉलॉजिस्टना अधूनमधून भेटतात.

कार्बामाझेपिन हे औषध १९६२ पासून या आजारावर वापरात आहे आणि सुरुवातीला बहुतेकांना उत्तम लागू पडतं. पुढे मात्रा चढत जाते. ऑक्सकार्बाझेपिन, बॅक्लोफेन, गॅबापेन्टिन यांची भर पडते. वयस्कर माणसाच्या रक्तातलं सोडियम उतरतं, बोलण्यात गोंधळ होतो आणि घरचे म्हणतात, वय झालं आता. साध्या रक्ततपासणीत हे कळतं, पण ती सांगायला कुणीतरी हवं. पहिलं औषध पुरेशा मात्रेत घेऊन, जोडीला दुसरं देऊनही भागत नसेल, किंवा औषध सोसतच नसेल, तर तिसऱ्या गोळीच्या आधी शस्त्रक्रियेचं बोलणं व्हावं, असं माझं स्पष्ट मत आहे. माणूस अजून धडधाकट असताना.

कारण यातल्या बऱ्याच रुग्णांत दुखण्याचं मूळ दिसू शकतं: मेंदूच्या बुंध्यापाशी एखादी रक्तवाहिनी या नसेवर टेकलेली असते. अमेरिकी सर्जन वॉल्टर डँडी यांनी ते गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच पाहिलं होतं. १९६० च्या दशकात पीटर जॅनेटा यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दोघांना वेगळं करण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. कानामागे हाडात लहानसं भोक पाडून रक्तवाहिनी बाजूला करतात आणि मध्ये टेफ्लॉनचा छोटा बोळा ठेवतात. नस कापत नाहीत, त्यामुळे चेहरा सहसा बधिर होत नाही. जॅनेटांच्या गटाने १९९६ मध्ये अकराशेहून अधिक रुग्णांचे निकाल मांडले. दहा वर्षांनंतर ७० टक्के रुग्ण औषधाविना वेदनामुक्त होते. त्या बाजूचं ऐकू येणं गेलेले सुमारे एक टक्का होते आणि शस्त्रक्रियेनंतर दोन मृत्यू झाले होते. हेही रुग्णाला सांगायलाच हवं.

ज्यांना एवढी मोठी शस्त्रक्रिया झेपणार नाही, त्यांच्यासाठी गालातून सुई घालून कवटीच्या तळाशी असलेल्या छिद्रापर्यंत पोचतात. तिथे नस उष्णतेने, ग्लिसरॉलने किंवा बारीक फुगा फुगवून दुखवली जाते. ग्लिसरॉलचा शोध तर अपघातानेच लागला. स्वीडनमध्ये धातूची पूड नसेपाशी सोडण्यासाठी ते वापरलं जात होतं, आणि रुग्णांची कळच थांबली. या उपायांनी आराम लवकर पडतो, मात्र गाल कमी-अधिक बधिर होतो आणि काही वर्षांनी दुखणं परतू शकतं. गॅमा नाइफ या किरणोपचारात चिरफाड नाही, पण गुण यायला काही आठवडे, कधी महिने लागतात.

तिन्ही मार्ग रुग्णापुढे एकत्र मांडले जात नाहीत, ही माझी खरी तक्रार आहे. ज्या इमारतीत जे यंत्र, तोच उपाय सांगितला जातो. म्हणून आपणच विचारावं: तुम्ही स्वतः हे किती वेळा केलंय? बधिरपणा येईल का? दुखणं परत आलं तर पुढे काय? साध्या एमआरआयचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला तरी नस आणि रक्तवाहिनी बारकाईने दाखवणारा एमआरआय झालाय का, हेही विचारावं. त्यात गाठ किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस नाही, याचीही खात्री होते. सलमान खानने २०११ मध्ये याच आजारासाठी परदेशात शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हापासून ‘हे अमेरिकेतच होतं’ असा समज पसरलाय. तो खरा नाही. मुंबई-पुण्यातही ही शस्त्रक्रिया होते. मुंबईच्या केईएममध्ये न्यूरोसर्जरीचा विभाग आहे, बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजमध्येही आहे. चौकशीची सुरुवात तिथून करता येते. महाराष्ट्र सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं, ते योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावं.

मात्र चेहऱ्याचं प्रत्येक दुखणं हे नव्हे. सतत जळजळ होणारं, नागिणीनंतरचं किंवा दातांच्या उपचारात नस दुखावून आलेलं दुखणं वेगळं असतं. तिथे नस आणखी दुखवली तर त्रास वाढू शकतो, बधिर गालातच आग होऊ शकते. अशा वेळी वेदनातज्ज्ञाचा सल्ला आधी घ्यावा.

आणि ज्याला आज पाण्याचा घोटही घेता येत नाही, त्याने पुढच्या तारखेची वाट पाहू नये. त्याला त्याच दिवशी रुग्णालयात दाखल करावं. सलाइन आणि शिरेतून फॉस्फेनिटॉइनसारखं औषध देऊन कळ आवरता येते, आणि तेवढ्या उसंतीत सर्जनशी बोलणं होतं. गोळ्या मात्र कुणीही मनाने एकदम बंद करू नयेत, शस्त्रक्रिया यशस्वी झाल्यावरही नाही. त्या डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळूच उतरवायच्या असतात.