आपले खरकटे, आपली जबाबदारी



वसंत जवळ आला की मेथी, मिरच्या, टोमॅटो कधी लावायचे याची चौकशी आपल्यात सुरू होते. या वेळी त्याच्या एक पायरी आधीचा विषय घेत आहे : घरच्या बागेसाठी गांडूळ खत.

चार्ल्स डार्विनने १८८१ साली आपले शेवटचे पुस्तक गांडुळांवर लिहिले. पुढे १९८२ साली मिशिगनच्या मेरी अ‍ॅपलहॉफ यांच्या पुस्तकाने गांडुळांची पेटी अमेरिकन स्वयंपाकघरापर्यंत आणली.

कृती सोपी आहे. हवेसाठी भोके पाडलेली झाकणाची प्लास्टिकची पेटी घ्या. वर्तमानपत्राच्या पट्ट्या भिजवून, घट्ट पिळून त्यात पसरा. वर मूठभर माती आणि पौंडभर ‘रेड विगलर’ जातीची गांडुळे घाला. बागेत खणताना सापडणारी गांडुळे पेटीत टिकत नाहीत. सुरुवातीला बेताने, मग दिवसाला साधारण अर्धा पौंड भाजीची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा, अंड्याची टरफले द्या. फोडणीची उरलेली भाजी, दही, मांस-मासे नकोत. लिंबाच्या साली आणि कांदाही जपूनच. ५५ ते ७७ फॅरनहाइट तापमान गांडुळांना मानवते, म्हणून बेसमेंट उत्तम. वास येऊ लागला तर अन्न किंवा ओल जास्त झाली असे समजावे आणि काही दिवस फक्त कोरडा कागद घालावा. चार-पाच महिन्यांत खत तयार होते.

एक सावधगिरी. ‘गांडूळ शेतकऱ्याचा मित्र’ हे शाळेत शिकलेले वाक्य मिनेसोटा, विस्कॉन्सिन किंवा न्यू इंग्लंडच्या जंगलांना लागू पडत नाही. हिमयुगात बर्फाखाली गेलेल्या या भागात आज दिसणारी बहुतेक गांडुळे युरोप-आशियातून आलेली आहेत. ती पानगळीचा थर फस्त करतात आणि त्या थरात रुजणारी रोपे नाहीशी होतात. म्हणून जास्तीची गांडुळे जंगलात किंवा तळ्याकाठी सोडू नका.

आता मुख्य प्रश्न. अमेरिकेत २०१८ साली कचराभूमीत गेलेल्या घरगुती व तत्सम कचऱ्यात सुमारे २४ टक्के वाटा अन्नाचा होता. ते हवेविना कुजले की मिथेन तयार होतो. पण आपल्या एका पेटीने हवामानबदल थांबणार नाही, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्याला सांगायला नको. मग हा खटाटोप कशासाठी?

आपल्यातले बरेच जण अशा घरांत वाढले, जिथे घाण करणारे वेगळे आणि ती उचलणारे वेगळे होते. कोण उचलणार, हे जात ठरवत असे. अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम मागितले. सवर्ण कैद्याला ते मिळणार नाही, असे उत्तर आले, तेव्हा त्यांनी उपोषण केले. येरवड्याहून गांधीजींनी साथ दिली. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्यापासून खत करण्याचे प्रयोग केले. एका ब्राह्मणाने झाडू हाती घेतल्याने जात संपत नाही, हा आक्षेप खराच आहे. पण आपली घाण दुसऱ्याने काढावी, हा हक्क मात्र त्यांनी सोडला होता. आपण तो सोडला आहे का?

पुण्यात घरोघरचा कचरा गोळा करणाऱ्या ‘स्वच्छ’ संस्थेतील बहुसंख्य कष्टकरी दलित स्त्रिया आहेत. ओला-सुका कचरा एकत्र आला की तो त्यांना हातांनी निवडावा लागतो. वर्गीकरण २०१६ च्या नियमांनी बंधनकारक केले, तरी अनेक सोसायट्यांत ते आजही ‘बाईचे काम’ समजले जाते. त्या सोसायट्यांत आपले आई-वडील राहतात, आपले फ्लॅट आहेत.

म्हणून दोन विनंत्या. इथे या उन्हाळ्यात एक पेटी सुरू करा आणि मुलांना त्यात हात घालू द्या. आणि रविवारी घरी फोन कराल तेव्हा ओला कचरा वेगळा ठेवला जातो का, एवढे विचारा. भाडेकरू असतील तर त्यांनाही. उत्तर काय मिळाले ते आम्हाला जरूर कळवा.

— संपादक