काचेआडच्या बाळाला दुखत नाही काय?

‘बाळाला झोपवून ठेवलंय, आता भेटता येणार नाही.’ सरकारी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाबाहेर फरशीवर चादर टाकून बसलेल्या ओल्या बाळंतिणीला एवढे एकच वाक्य मिळते. कोणते औषध दिले, किती दिवस देणार, हे ती विचारत नाही. विचारलेच तर ‘तुम्हाला काय कळतं त्यातलं?’ हे उत्तर ठरलेले. म्हणूनच आम्ही हे कळून घ्यायचे ठरवले.

व्हेंटिलेटरवरच्या बाळाच्या श्वासनलिकेत नळी असते. दिवसातून अनेकदा तिच्यातला कफ ओढतात, टाचेला सुई टोचून रक्त घेतात. बाळ धडपडले की नळी निसटते, प्राणवायू घसरतो. म्हणून औषध देतात. पण औषधा-औषधात फरक आहे. मॉर्फिन, फेंटानिल वेदना कमी करतात. मिडाझोलामने गुंगी येते, पण वेदना जात नाही. आणि व्हेक्युरोनियमसारखे औषध फक्त स्नायू लुळे पाडते. तेवढेच दिले तर बाळ हलत नाही, रडत नाही, पाहणाऱ्याला शांत वाटते. आत मात्र त्याला सगळे जाणवत असते.

ही कल्पनेतली गोष्ट नव्हे. १९८० च्या दशकापर्यंत नवजात बाळाच्या नसा कच्च्या असतात, त्याला दुखत नाही, असे मोठमोठे डॉक्टर मानत. १९८५ साली अमेरिकेत अपुऱ्या दिवसांच्या एका बाळावर केवळ स्नायू लुळे पाडून हृदयाजवळची शस्त्रक्रिया झाली. बाळ पुढे वारले. त्याच्या आईने हे नंतर शोधून काढले आणि जगासमोर मांडले. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. कंवलजीत सिंग आनंद त्या काळात ऑक्सफर्डला हाच प्रश्न तपासत होते. फेंटानिल दिलेल्या बाळांच्या शरीरावरचा ताण कमी राहतो आणि गुंतागुंतही कमी होते, हे त्यांनी १९८७ मध्ये दाखवले. त्याच वर्षी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने नवजातांनाही भूल द्यावी असे जाहीर केले.

ज्याला बोलता येत नाही त्याला दुखत नाही, हा सिद्धान्त आमच्या वाचकांना नवा वाटणार नाही. ‘यांना सवय असते’ हे आमच्या आयाबायांनी बाळंतपणाच्या खोलीत ऐकलेले आहे. २०१६ साली अमेरिकेत एका अभ्यासात कळले की, काळ्या माणसाची कातडी जाड असते असले खुळचट समज वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या गोऱ्या तरुणांतही शिल्लक होते.

मग भरपूर औषध द्या, असे आमचे म्हणणे आहे काय? मुळीच नाही. ८९८ अपुऱ्या दिवसांच्या बाळांवरील अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. सरसकट मॉर्फिन दिल्याने मृत्यू किंवा मेंदूतील रक्तस्राव कमी झाला नाही, उलट काहींचा रक्तदाब घसरला. मिडाझोलामबद्दलही अशा बाळांत धोक्याचे इशारे आहेत. बरेच दिवस दिलेले औषध एकदम तोडले तर बाळ थरथरते, घाम फुटतो, जुलाब होतात.

म्हणजे मात्रा बाळाकडे पाहूनच ठरवावी लागते. चेहरा, मुठी, श्वास, नाडी पाहून वेदनेला गुण द्यायचे, तक्त्यावर लिहायचे, काही तासांनी पुन्हा पाहायचे. यासाठी परिचारिका लागतात. जिथे एकीच्या अंगावर डझनभर बाळे टाकलेली असतात, तिथे औषधच परिचारिकेचे काम करू लागते. बाळ निपचित, विभाग शांत! आमचा आक्षेप त्या थकलेल्या मुलीवर नाही, रिकाम्या पदांवर बसून राहिलेल्या सरकारवर आहे.

९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आगीत १० बाळे गेली, तेव्हा सर्वांनी आगीची चर्चा केली. आग नसते त्या दिवशी आत काय चालते, हे कोण विचारणार? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाचा बालमृत्यू दर हजारी सुमारे ३५ होता, अनुसूचित जाती-जमातींत तो ४० च्या वर. काचेआड कुणाची लेकरे जास्त असणार, हा हिशेब वाचकांनीच करावा.

आणि आईला बाहेर का ठेवता? टाचेत सुई टोचताना आईच्या छातीचा स्पर्श, जिभेवर दुधाचे थेंब यांनी बाळाची कळ कमी होते, हे सिद्ध झालेले आहे. अपुऱ्या दिवसांचे बाळ शक्य तितक्या लवकर आईच्या उराशी द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितले. त्याला लागतो तो एक गाऊन, एक खुर्ची आणि हात धुवायला साबण. तेव्हा दाराशी बसलेल्या आपल्या माणसांनी डॉक्टरसाहेबांना नम्रपणे, पण उत्तर मिळेपर्यंत तीन गोष्टी विचाराव्यात: बाळाला दिलेले औषध झोपेचे की वेदनेचे, वेदनेचा तक्ता कुठे आहे, आणि आई आत कधी जाणार?